दुसरा साक्षीदार

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. रोज थोडं थोडं वाच.

अण्णाला जाऊन उद्या महिना होईल. शेवटचे एकोणीस दिवस तो आयसीयूत होता. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. नळी ओढू नये म्हणून त्याचे हात पट्टीने कॉटला बांधले होते. ते तबल्याचे हात, मनगटावर निळे डाग पडलेले! मी हात हातात घेतला तेव्हा बोटं जराशी हलली. ठेका धरला असं मला वाटलं. बाहेर व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा यावर त्याचा मुलगा आणि मुलगी भांडत होते. अण्णा त्याबद्दल कधी बोललाच नव्हता, मग पोरांनी तरी काय करावं? दोघांचाही बापावर जीव. आज ती एकमेकांशी बोलत नाहीत.

मरणाचं मला फारसं भय वाटत नाही रे. माझ्या लेकीवर हे ओझं पडेल, याचं वाटतं.

म्हणून मी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत नि कोणते नकोत हे आधीच सांगणारा कागद, लिहून काढलंय. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर काम होतं. बरा होण्याची आशा नसेल तर मला यंत्रांवर ठेवू नका, वेदना मात्र कमी करा, असं त्यात आहे. लेकीने विषय तीनदा टाळला. चौथ्यांदा बसली आणि म्हणाली, "बाबा, साधा न्यूमोनिया झाला तरी व्हेंटिलेटर नको?" बरा होणार असेन तर खुशाल लाव, म्हटलं. तेही मग स्पष्ट लिहिलं. तिने विचारलं नसतं तर ते राहूनच गेलं असतं.

नेत्रदानाचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. हिच्या वेळी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंखा रात्रभर चालू होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळेही चालतात, तुझ्यासाठी मुद्दाम विचारून घेतलं.

परवा पर्वतीवर गेलो होतो. त्या 103 पायऱ्या आपण तिघं एका दमात चढायचो. या खेपेला तीनदा टेकलो. पण टेकल्यावर मागे वळून सगळं पुणं पाहिलं, कोवळं ऊन अंगावर घेतलं. तेव्हाच्या घाईत आपण कधी मागे वळून पाहिलं होतं का? आता रोज जायचं ठरवलंय. ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय, त्यांना पत्रंही लिहायची ठरवलीत. पहिलं हे तुला.

विलवर एक साक्षीदार शेजारचे काका आहेत. दुसरी सही तुझी हवी. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की ये. नोटरीकडे सकाळी अकराला जाऊ. त्याआधी पर्वती, तुला झेपेल तेवढ्या पायऱ्या.

तुझाच,
बाळ्या