दुसऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला खरोखर भेटावं

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मानसिक आजारामुळे स्वतःचा निर्णय घेता येत नसलेल्या माणसाला, तो नको म्हणत असतानाही, तीस दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ मध्ये ही तरतूद आहे. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो आणि दोन तपासण्या लागतात. एक मनोविकारतज्ज्ञाची, दुसरी डॉक्टरची किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाची. दोघांनी त्या वेगवेगळ्या करायच्या, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. नुसतं आजाराचं निदान पुरत नाही. अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्याशी हिंसक वागणं, किंवा स्वतःला अपाय होण्याचा धोका असेल इतकी स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी काही दिसायला हवं. शिवाय याहून कमी बंधनाचा उपाय उरला नाही, अशी खात्री व्हायला हवी.

माझ्या धाकट्या भावाला दाखल करणं गरजेचंच होतं. त्यानं खाणंपिणं सोडलं होतं. मनोविकारतज्ज्ञ त्याच्याशी शांतपणे, बराच वेळ बोलले, त्याबद्दल मी ऋणी आहे. दुसरे डॉक्टर मात्र दारातच थांबले, फाईल भिंतीला टेकवली, मनोविकारतज्ज्ञांनी वर लिहिलेल्या ओळी खाली उतरवल्या आणि सही करून निघून गेले. भाऊ समोरच्या बाकावर शर्टाचं एकच बटण लावत-काढत बसला होता. म्हणाला, "ताई, हे माझ्याशी का बोलले नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साहेब, दुसरी तपासणी कायद्यात उगाच घातलेली नाही. पहिल्या डॉक्टरांसमोर बहुतेक वेळा घाबरलेले नातेवाईक बोलतात, रुग्ण गप्प असतो. कधी घरात जमिनीचा वाद असतो, कधी मुलीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलेलं असतं. समाजाच्या रीतीत न बसणं म्हणजे मानसिक आजार नव्हे, हे कलम ३ सांगतं, पण ते ओळखायला कोणीतरी रुग्णाला एकट्याला विचारावं लागतं. शिवाय तापात, रक्तातली साखर उतरल्यावर किंवा रोजची दारू अचानक थांबल्यावर माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी त्याला आधी वेगळेच उपचार हवे असतात. नाडी, ताप, साखर स्वतः पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला हे कळेल. उतरवून काढलेल्या ओळींतून ते कसं कळणार?

डॉक्टरांवर कामाचा किती ताण असतो, हे मी पाहिलं आहे. म्हणूनच हे पत्र त्यांना नाही, आपल्याला लिहिते आहे. तपासणीनंतर दोघे जे प्रमाणपत्र देतात, त्याच्या नमुन्यात प्रत्येकानं तपासणीची वेळ, रुग्णाचे स्वतःचे शब्द, आणि घरी किंवा बाह्यरुग्ण विभागात उपचार का शक्य नाहीत, हे वेगळं लिहिणं बंधनकारक करा. त्यासाठी मनुष्यबळ लागेल, ते द्या.

आणखी एक. दाखल केल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे असं दाखल करणं योग्य आहे का हे तपासणाऱ्या मंडळाला, रुग्णालयानं द्यावी लागते: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत. रुग्णानं हरकत घेतली तर मंडळानं सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोफत कायदेशीर मदतही मिळते. यातलं काहीही आम्हाला कोणी सांगितलं नाही. सोप्या मराठीतला एक कागद, त्यावर मंडळाचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर, एवढं प्रत्येक रुग्णाच्या हाती पडू द्या. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून सुरुवात करता येईल. पण खासगी रुग्णालयांना यातून सूट नको, कारण कायदा त्यांनाही तोच आहे.

याबाबतचा आदेश निघाला तर तो मराठीत जाहीर करावा, म्हणजे आमच्यासारख्या कुटुंबांना तो दाखवून विचारणा करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एका रुग्णाची बहीण