मनगट आणि खुबा

आई, बाबा,

आईच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन उद्या सकाळीच ठेवा, असं तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांना सांगून बसले. चुकलं माझं. पण तुम्ही "चार दिवस बघू" म्हणाला असतात, आणि हे हाड चार दिवस थांबू देत नाही. सही मात्र आई, तुझीच लागेल. बाबा, तिला हे वाचून दाखवा.

तुमचं म्हणणं ठाऊक आहे मला: "माझं मनगट सहा आठवडे प्लास्टरात जुळलं, मग हिचीच कापाकापी का?" मनगटाशी हाड जाळीदार आणि रक्ताने भरलेलं असतं, ओढून बसवलं की प्लास्टर ते धरून ठेवतं. आईची मोडलीय मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा निमुळता भाग, तीही सांध्याच्या आत, आणि तुकडे सरकलेत. म्हणून तर पाय आखूड दिसतो, बाहेर वळतो. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेलाच चिकटून वर जातात. मान सरकली की त्या तुटतात. मग स्क्रू घातला तरी गोळा मरून खचू शकतो, की पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा या वयात गोळाच बदलतात, तो ज्या वाटीत फिरतो ती आपलीच राहते. नुसती चीर असती तर स्क्रूवर भागलं असतं. थोडं खाली मोडलं असतं तर रॉडवर. प्लास्टर खुब्याला धरत नाही, लेप तर मुळीच नाही, तेव्हा हाडवैद्यांना या खेपेला नको. पडून राहिलं तर छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळी होते. मला भीती त्याची आहे.

चिंचेखाली पडले तेव्हा माझ्या हाताचं हाड ओल्या काडीसारखं नुसतं वाकलं होतं. तरी आई, तू रात्रभर माझा हात उशीवर धरून बसली होतीस.

दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतील. दुखेल, पण उभी राहा. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पाट माळ्यावर टाकायला सांगितलाय. देव टेबलावर मांडू, पूजा खुर्चीतून होईल. कमोडची सीट उंच करून घेतेय.

बाबा, आईचं रक्त पातळ करायचं औषध एकही दिवस चुकवू नका. पोटरी सुजली किंवा दम लागला तर आधी दवाखाना, मग मला फोन.

नुसतं घसरून खुबा मोडला म्हणजे हाड ठिसूळ झालंय. पुढे बहुधा हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतील: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आणि बाबा, तुमची उंची कमी झालीय. मणका दबला असेल कदाचित, घाबरू नका, पण एक्स-रे याच फेरीत काढायचा.

मी रात्रीच्या गाडीने निघतेय. आई, ऑपरेशनआधी सहा तास दुधाचा चहा बंद. बाबा, लपवूनसुद्धा देऊ नका.

तुमची
ताई