लतिका आणि धैर्यधर, गळा एकच

महोदय,

मास्टर दीनानाथांच्या आवाजावर बसवलेल्या युगुलनृत्याचं परीक्षण कालच्या अंकात वाचलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. परीक्षकांची तक्रार अशी, की दोघांत बाई कोण आणि पुरुष कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि असली संदिग्धता ही बाहेरून आणलेली फॅशन आहे.

बाहेरून? अहो, मंगेशीत जन्मलेल्या माणसाबद्दल आपण बोलतो आहोत. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी निघाली, तिच्या 'भावबंधन' नाटकातली लतिका दीनानाथांची, आणि 'मानापमान'चा धैर्यधरही दीनानाथांचाच. एकदा लुगडं, एकदा सेनापतीची तलवार. ती झेपावणारी, धारदार तान दोघांनाही तीच. लतिकेसाठी वेगळा गळा ते कुठून आणणार होते? त्या आवाजात बाई की पुरुष हे ठरतच नाही, आणि नाचणाऱ्या दोघांनी नेमकं तेच पकडलं होतं.

परीक्षकांनी वेशभूषेवर अर्धा रकाना खर्च केला, पण त्यातलं लुगडं त्यांना दिसलं नाही. एकच नऊवारी दोघांच्या अंगावर होतं. मुलीला काष्टा, मुलाच्या खांद्यावर पदर. जुन्या रेकॉर्डवरची तान सुटली की मधलं कापड ताणलं जायचं. ती पाय रोवून, छाती पुढे काढून उभी, आणि तो मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळतोय. पुढच्या तानेला सगळं उलट. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी त्या वेळी माझा हात घट्ट धरला. ओळख ना देख.

मला मात्र माझे काका आठवले. आमच्या गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकात ते कितीतरी वर्षं स्त्रीपार्ट करत. एरवी कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत राबणारा माणूस, हात एवढे रुंद की काकीची एकही बांगडी पंजावरून वर चढत नसे. मग पितळेच्या बांगड्या फाकवून मनगटात घालायच्या आणि फट दिसू नये म्हणून वरून लाल दोरा गुंडाळायचा. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, तो दोरा गुंडाळण्याचं काम माझं. गॅसबत्तीच्या उजेडात काका गायला लागले की आवाज मुळीच बारीक करत नसत. तोच भरदार, रोजचा आवाज. तरी पुढे बसलेल्या बायका पदराने डोळे पुसायच्या, आणि आमची आजी, त्यांची सख्खी आई, म्हणायची, "हो म्हजो पूत दिसनाच!" पुढल्या वर्षी त्याच माणसाने नायक केला. कुणी गोंधळलं नाही, कुणी खुलासा मागितला नाही. पेडण्याकडच्या दशावतारात आजही पुरुषच बाईचं सोंग घेतो आणि लोक पहाटेपर्यंत बसून बघतात. त्यांना ही फॅशन कोणत्या देशातून आली ते एकदा परीक्षकांनी जाऊन विचारावं.

नृत्यात उणिवा नव्हत्या असं नाही. मध्यंतरानंतर रेकॉर्डखाली ढोल घातला होता तो नको होता, दीनानाथांची तान त्यात बुडाली. हे परीक्षकांनी लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

आणखी एक. प्रयोग सातचा, सुरू झाला पावणेआठला, कारण आधी शाल-श्रीफळं आणि भाषणं. आमच्यासारख्या शेवटची बस गाठणाऱ्यांना त्यामुळे शेवट टाकून उठावं लागतं. त्या दिवशी मी उठलो नाही. दोन तास थांबून एका ओळखीच्याच्या स्कूटरवरून घरी आलो. याबद्दल परीक्षणात एक ओळ यायला हवी होती.

आपला,
एक वाचक, प्रियोळ

ता. क. मथळ्यात 'दिनानाथ' छापलंय. दी दीर्घ. पणजीला कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलेलं आहे. गोव्यातल्या दैनिकात तरी ते नीट छापून यावं.