भाषेची उजळणी वर्षभर हवी

महोदय,

परीक्षा जवळ आली की प्राथमिक वर्गांतील मुलांकडून भाषेची उजळणी म्हणून तेच धडे पुन्हापुन्हा मोठ्याने वाचून घेतले जातात आणि प्रश्नोत्तरे लिहून घेतली जातात. यात मुले दमतात, पण वाचन पक्के होत नाही. एखादे मूल उतारा न अडखळता वाचते. मात्र पुस्तक मिटून ‘या मुलीने पत्र का लपवले?’ असे विचारले की गप्प बसते, कारण त्याचे सारे लक्ष अक्षरांवर असते. अशा वेळी मुलाला उतारा स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावा, अडेल तेथेच पुस्तक उघडावे आणि कारण सांगणारे नेमके वाक्य त्यालाच शोधू द्यावे. एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच नोंदवले होते.

व्याकरणाचेही तसेच आहे. विशेषणाची व्याख्या पाठ असलेल्या मुलाला एखादा परिच्छेद विशेषणे गाळून वाचायला सांगावे, म्हणजे काय हरवले ते त्याला लगेच उमगते. जोडाक्षरे आणि विरामचिन्हांसाठी चार-पाच वाक्यांचे श्रुतलेखन पुरे. फक्त शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त्या करण्याऐवजी मुलाने मूळ मजकुराशी ताडून आपल्या चुका स्वतः शोधाव्यात. यासाठी शाळांनी वर्षभर आठवड्यातील एक तास मागील घटकांकरिता राखून ठेवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक प्राथमिक शिक्षिका