तान्ह्या पोळ्याचे फोटो : तयारी कॅमेऱ्याआधी लेकराची आणि जागेची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण, जवळ आला की लाकडी बैलांसोबत धोतर-फेट्यातल्या लेकरांचे फोटो शेतात नेऊन काढण्याची मागणी हल्ली आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतही होऊ लागली आहे, आणि नुकताच कॅमेरा घेतलेली गावातली मुले ही कामे हौसेने स्वीकारतात. त्यांना काम मिळते याचा मला, एक जुना स्टुडिओचालक म्हणून, आनंदच आहे. मात्र त्यांची सारी तयारी लेन्स आणि बॅटरीपाशी संपते, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न जागेचा. पोळ्याच्या सुमारास कपाशी पात्या-फुलांवर असते आणि फवारण्या चालू असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. तरीही हिरवीगार पार्श्वभूमी हवी म्हणून लहान मुलाला, ज्याच्या तोंडाच्या उंचीला कपाशीची पाने येतात, पऱ्हाटीत उभे करताना ‘फवारा केव्हा मारला होता?’ हे शेतमालकाला विचारण्याचे कोणाला सुचत नाही. रानडुकरांसाठी धुऱ्यावर ओढलेली झटका मशीनची (विजेचा धक्का देणारी) तार, कठडा नसलेली विहीर, गवतातले साप-विंचू हे सगळे आदल्या दिवशी एकट्याने जाऊन पाहून यायचे असते. आभाळात गडगडाट सुरू झाला, तर त्या दिवशीचे काम रद्द करावे. खरे तर शेताचा हट्टच कशाला? देवळाचा ओटा किंवा घराची ओसरी पुष्कळदा अधिक चांगला फोटो देते, कारण तिथे उजेड एका बाजूने आणि मऊ येतो. शिवाय दाट पिकात चेहऱ्यावर जी हिरवी झाक पडते, ती तिथे पडत नाही.

वेळ ठरवावी ती लेकराच्या झोपेवरून आणि जेवणावरून. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, तेव्हा पाचनंतरचा उजेड उत्तम. परंतु स्पर्धा आटोपून, बोजारा (सणाची बक्षिसी) मागत घरोघर फिरून दमलेले पोर त्या वेळी रडत असेल, तर तो उजेड काय कामाचा? अशा वेळी सकाळी लवकर, फेटा टोचू लागण्याआधी, फोटो काढून घ्यावेत.

कॅमेऱ्याची जुळवाजुळव मूल येण्यापूर्वीच एखाद्या मोठ्या मुलाला त्या जागी बसवून करून ठेवावी, कारण तीन-चार वर्षांचे मूल खुशीत असते ते सुरुवातीची काही मिनिटेच. लेकरू बैल ओढत धावणार असेल, तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आत असावे. मूल बैलामागे बसले असेल, तर एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप उघडे ठेवल्यास, बैलाची शिंगे तरी स्पष्ट येतात किंवा मुलाचे डोळे तरी. दोन्ही हवे असतील तर एफ ४ किंवा त्याहून लहान छिद्र ठेवून थोडे मागे सरकावे. फेट्याची सावली डोळ्यांवर पडते, ती घालवायला समोर जमिनीवर अंथरलेली पांढरी चादर पुरते. आणि फोटो उभ्याने काढू नये. स्वतः मातीत बसून कॅमेरा मुलाच्या नजरेच्या पातळीवर आणावा, पॅन्ट मळली तरी चालेल.

‘हस, हस’ म्हटल्याने मूल हसत नाही. आई, आजी आणि मामा तिघेही तीन बाजूंनी ‘इकडे पाहा’ म्हणू लागले की ते कुठेच पाहत नाही. म्हणून कॅमेऱ्यामागे एकाच ओळखीच्या माणसाला उभे करावे आणि मुलाला बैलाची दोरी धरून खेळू द्यावे. खऱ्या बैलाजवळ मात्र वेसण धरलेला मालक असल्याशिवाय नेऊ नये.

मुलांचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी स्टेटसवर टाकण्याआधी आईवडिलांची स्पष्ट परवानगी घ्यावी, आणि परवानगी असली तरी मुलाचे नाव, शाळा आणि गाव त्याखाली लिहू नये.

तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. परीक्षण सुरू होण्याआधी अर्धा तास गावातलाच एखादा सावलीचा ओटा फोटोंसाठी मोकळा ठेवावा, तिथे पिण्याचे पाणी ठेवावे आणि ही वेळ दवंडीत किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर आदल्या दिवशी कळवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक व छायाचित्रकार,
ता. आर्वी, जि. वर्धा