वहीत न सापडलेली पणजी

सेमारांग, इंडोनेशिया, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

चीनहून आम्ही गुरुवारी सुखरूप परत आलो. फोनवर धड काही सांगता आले नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. बाबा, आमच्या लग्नात तुम्ही माझ्या सासऱ्यांना त्यांचे मूळ गाव विचारले होते आणि ते नुसतेच हसले होते. ते टाळत नव्हते, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी आता ते ठाऊक झाले आहे.

ठाऊक नसण्याचे कारण तुम्ही नेहमी विचारता. सासरे अठरा वर्षांचे असताना, १९६६ मध्ये, इथल्या चिनी शाळा बंद झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी नावे बदलून इंडोनेशियन नावे घेण्याचा सरकारी निर्णय निघाला, आणि पुढच्या वर्षीच्या आदेशाने चिनी सण व पूजाअर्चा घराच्या चार भिंतींआड गेल्या. आमचे मूळ आडनाव उई. चिनी प्रमाणभाषेत त्याच अक्षराचा उच्चार ह्वांग असा होतो. कित्येक उई कुटुंबे तेव्हा विजाया झाली, विबोवो झाली; आमच्या घरानेही असेच एक जावानी वळणाचे आडनाव घेतले आणि पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी, जिला इथे सिंची म्हणतात, ती कपड्यांच्या कपाटात गेली. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० साली तो आदेश रद्द केला तेव्हा ती बाहेर आली खरी, पण तोवर तिच्यावरची अक्षरे वाचणारे घरात कोणी उरले नव्हते.

एप्रिलच्या सुरुवातीला इथे चेंगबेंग असतो. त्या दिवशी पूर्वजांची थडगी झाडून-धुऊन फळे, केक आणि उदबत्त्या ठेवतात. आई, मला दर वर्षी त्या दिवशी आपल्या पितृपंधरवड्यातले तुझे स्वयंपाकघर आठवते. गेल्या वर्षी टेकडीवरच्या सासऱ्यांच्या पणजोबांच्या थडग्याचा शिलालेख झिजून इतका पुसट झाला होता की बोटांनी चाचपडूनही काही कळेना. मी घरून तांदळाची पिठी नेली, रांगोळी घालताना धरतो तशी चिमटीत धरून खोदलेल्या रेषांत भरली, आणि वरचे पीठ पंच्याने हलकेच पुसले. दोन मोठी अक्षरे पांढरी होऊन वर आली. मंदिरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती ‘गिन-तोंग’ अशी वाचली. या नावाचे गाव आम्ही नकाशावर पुष्कळ शोधले. ते नव्हतेच, कारण ते गाव नसून फूच्यान प्रांतातल्या तोंगआनचे जुने ग्रांथिक नाव आहे. तोंगआन आता श्यामेन शहरात मोडते. प्रत्यक्ष गावाचे नाव निघाले ते सिंचीतून. तिची मागची फळी सरकवली की आत दुसरी फळी असते, आणि तिच्यावर जन्ममृत्यूच्या तिथींबरोबर गावाचे नावही लिहिलेले होते. इतकी वर्षे ते कपाटात, साड्या आणि सारोंगांच्या घड्यांमागे पडून होते, या विचाराने सासूबाईंना रडू आवरेना.

गावात लाल विटांचे, छपराची टोके पाकोळीच्या शेपटीसारखी वर वळलेले कुलगृह आहे. तिथली वंशावळीची वही नवीन छापलेली आहे. जुनी प्रत सांस्कृतिक क्रांतीत जाळली गेली आणि पुढे दुसऱ्या शाखेकडे लपवून ठेवलेल्या प्रतीवरून ही तयार केली, असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. ती क्रांतीही १९६६ सालीच सुरू झाली होती. ज्या वर्षी इथे नाव टाकावे लागले, त्याच वर्षापासून तिथे नावांच्या वह्या जळू लागल्या, हे ऐकून मी सुन्न झाले.

सासऱ्यांना ना मँडरिन येते, ना एक अक्षर वाचता येते. पण एका आजोबांनी पणजोबांच्या नावाखालची ओळ आपल्या होक्कियन या फूच्यानकडच्या बोलीत मोठ्याने वाचली आणि तिच्यात ‘साम-पो-लांग’ असे शब्द आले. सेमारांगचे ते चिनी नाव सासऱ्यांनी लहानपणी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते. ते ताडकन उठून उभे राहिले आणि दुभाष्याची वाट न पाहता छातीवर हात ठेवून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले.

पण त्याच ओळीत पणजोबांच्या पत्नीची नोंद होती, ‘लिम घराण्यातील’ एवढीच. ती त्या गावातच राहिली आणि तिथेच वारली. नवरा समुद्रापार गेल्यावर तिच्या मांडीवर दिराचा मुलगा दत्तक दिला होता. ज्या पणजीपासून आमचे घर वाढले, ती सेमारांगची होती, सारोंग-कबाया नेसणारी, विडा खाणारी आणि चिनीचा एक शब्दही न बोलणारी. तिचे नाव वहीत कुठेच नाही. मला त्या दोघींबद्दल सारखेच वाईट वाटते. सासऱ्यांनी मात्र तिथल्या तिथे सासूबाईंकडून पणजीचे नाव कागदावर लिहवून घेतले आणि ते पुढच्या आवृत्तीत घ्यावे अशी विनंती केली. वडीलधाऱ्यांनी तो कागद घडी करून वहीत ठेवला आहे.

आई, आता खास तुझ्यासाठी एक गोष्ट. तिथले ह्वांग आपला मूळ पुरुष छ्वानचौ या बंदराच्या शहरातल्या ह्वांग शौगोंग यांना मानतात. त्यांनी आपली तुतीची बाग दिली आणि तिच्यावर ६८६ साली खायुआन बौद्ध मंदिर उभे राहिले, म्हणून आम्ही तिथेही गेलो. मुख्य सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन दगडी खांब आहेत. तेराव्या शतकात त्या बंदरात तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती, आणि त्यांच्या मोडलेल्या देवळाचे खांब नंतर इथे बसवले. त्यांच्यावरच्या एका गोल चौकटीत हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह आहे. नीरा नरसिंहपूरच्या आपल्या कुलदैवताला मी सासरच्या मूळ पुरुषाच्या जागेत हात जोडले. सासूबाईंनी काही न विचारता शेजारी उभे राहून हात जोडले.

बाबा, एक काम आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळीची जी नक्कल तुम्ही करून आणली होती, तिच्यात आपल्या सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बायका नाहीत. आजीचे, पणजीचे आणि आठवत असेल तर तिच्या सासूचे माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि लग्नानंतर ठेवलेले नाव, असे तिन्ही तुमच्या हाताने लिहून पाठवा. पणजीचे माहेर वाई की मेणवली, यावर तुमचे आणि आत्याचे एकमत नाही, दोन्ही लिहा. आत्याचे डोळे आता अधू झाले आहेत, तेव्हा तिला पुढच्या रविवारच्या आत फोन करावा.

तुमची,
बेबी