सिव्हिलमध्ये मदतीला माणसं पाहिजेत, रिटायर झालेल्यांनी जरूर वाचा

नमस्कार मंडळी,

आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळातर्फे हे लिहितोय. सोलापुरात सिव्हिल म्हटलं की कुणाला पत्ता सांगावा लागत नाही, 1963 साली वैशंपायन मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हापासून आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथं ॲडमिट होऊन आलंय. तिथं पेशंट फक्त शहरातला नसतो. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, तिकडं तुळजापूर उमरगा, आणि बॉर्डरच्या पलीकडून इंडी विजयपूरची पण माणसं येतात. पहाटेच्या एसटीनं येऊन गेटपाशी उभी राहतात आणि तिथून पुढं कुठं जायचं हेच कळत नाही त्यांना. केसपेपर कुठं, ओपीडी कुठली, रक्त कुठं द्यायचं, रिपोर्ट कधी मिळणार.

आपले मेंबर आठवड्यातून काही दिवस सकाळी तिथं जाऊन पेशंटला सोबत करतात हे बऱ्याच जणांना माहितीये. पण आता माणसं कमी पडतायत. दोघं मुलाकडं पुण्याला गेले, एका काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि काही वार असे जातात की आपलं कुणीच नसतं. म्हणून हे आवाहन. पैसे पण लागतातच, त्याचं खाली लिहिलंय, पण आधी माणसं पाहिजेत.

मी स्वतः एसटीतून रिटायर झालो तेव्हा पहिले चार महिने नुसता घरात बसून होतो. पेपर वाचून झाला की दहा वाजता काय करायचं हा प्रश्न. मंडळातल्या एका मित्रानं ओढून नेलं मला, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की तीस वर्षं स्टँडवर लोकांना गाड्या सांगण्यात घालवली तेच काम आहे हे, फक्त इथं समोरचा माणूस घाबरलेला असतो.

एक प्रसंग सांगतो म्हणजे काम काय ते कळेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एक आजी एकट्याच आल्या होत्या, नातू टॉवेलच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली नाही. हातात मेडिकलची कॅरीबॅग, त्यात सहा महिन्यांचे कागद घड्या घालून कोंबलेले. डॉक्टर तरुण मुलगा, विदर्भातला, जीव तोडून काम करणारा, बाहेर एवढी गर्दी. तो मराठीत विचारतोय आणि आजी तेलुगूत सांगतायत, दोघंही दमले. आपल्या एक काकू, शाळेतून रिटायर झालेल्या, घरी तेलुगूच बोलतात, त्या शेजारी जाऊन बसल्या आणि आजींचा हात हातात घेऊन एवढंच विचारलं, "अम्मा, एक्कडा नोप्पी?" म्हणजे कुठं दुखतंय. आजी रडायलाच लागल्या हो. मग सगळं बाहेर आलं, डोकं दुखतंय, चक्कर येते, आणि बीपीची गोळी संपून महिना झाला होता, ती परत इथंच मिळते हे त्यांना माहीतच नव्हतं. काकूंनी जे ऐकलं ते जसंच्या तसं डॉक्टरला सांगितलं, बाकी काही नाही. नंतर बाकड्यावर बसून त्या कॅरीबॅगेतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून फाईलमध्ये घालून दिले.

त्यामुळं तेलुगू आणि कन्नड बोलणारे मेंबर आम्हाला अगदी हवेच आहेत. उर्दू पण. तुमचं शिक्षण किती, कुठल्या पोस्टवरून रिटायर झाला, काही फरक पडत नाही.

बँक, तहसील, पोस्ट, एलआयसी इथून रिटायर झालेल्यांना तर खास विनंती, कारण निम्मं काम कागदाचंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण खेड्यातून आलेल्याला नुसतं "योजनेत बसत नाही" असं कुणीतरी बाहेर सांगितलं की तो खरं मानून परत जातो. खुब्याच्या ऑपरेशनला आलेल्या एका बाईचं रेशनकार्डावर नाव महादेवी, आधारवर महादेवम्मा. घरच्यांनी गावाकडं म्हैस विकायचं ठरवलं होतं, अक्षरशः फोनवर भाव चालला होता. आपल्या बँकेतल्या काकांनी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनीसाला, नीट विचारून घेतलं काय कागद लागेल, मुलाला बरोबर घेऊन दोन हेलपाटे घातले, आणि ऑपरेशन योजनेत झालं. म्हैस राहिली.

तसंच धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक प्रमाणे त्यांनी 10 टक्के बेड गरिबांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत द्यायचे असतात, पण हे मागायचं कसं ते पेशंटला माहीत नसतं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या वेळी मलाच माहीत नव्हतं, एका हॉस्पिटलनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पीएफमधले पैसे गेले. ते मनात राहिलंय, म्हणून आता प्रत्येकाला सांगत सुटतो.

वेळ फार लागत नाही, आठवड्यात दोन सकाळी, साडेआठ ते एक. पहिले पंधरा दिवस जुन्या मेंबरबरोबर फिरायचं. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, डॉक्टर सिस्टरशी वाद घालायचा नाही, पेशंटकडून चहासुद्धा घ्यायचा नाही आणि पेशंटचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. यातलं शेवटचं कृपया मनावर घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, ज्यांना बीपी शुगर आहे त्यांनी बसून करायचं काम घ्या, फॉर्म भरायला पण माणूस लागतोच.

आता देणगीचं. झेरॉक्स, फायली, कुणाला घरी जायला एसटीचं तिकीट, असा खर्च रोजचा आहे, दिसायला छोटा पण थांबत नाही. रोख देऊ नका, मंडळाच्या नावानं चेक द्या आणि पावती मागून घ्या. घरात कुणाचं आजारपण झालेलं असेल तर वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर माळ्यावर पडून असतात, ती द्या, आम्ही येऊन नेऊ, दुरुस्ती पण करून घेऊ. आईची खुर्ची द्यायला मन होत नाही हे समजू शकतो, माझ्याही घरी होती ती. उरलेल्या गोळ्या औषधं मात्र आणू नका, आम्ही घेत नाही.

येत्या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता मंडळाच्या हॉलमध्ये बसणार आहोत, ज्यांना यायचंय त्यांनी या, नाव द्यायचंच असं नाही, आधी एक दिवस नुसतं आमच्याबरोबर येऊन बघा. चष्मा विसरू नका. आणि पूर्व भागातल्या मंडळींनो, तेलुगू बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना बरोबरच घेऊन या, मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही रिकामे आहेत.